दारचं झाड

"...आणि समजा, मला ती जागा दाखवता आली नाही, तर?"

"तर दगड परत जाईल," अण्णा म्हणाले.

"परत म्हणजे?"

"आला तसाच. जीपमधून."

शमुवेल हसला. अण्णा हसले नाहीत. ते चर्चच्या पायरीवर बसून चपलेचा अंगठा चाचपत होते. तो तुटायला आला होता आणि जगात आत्ता तेवढी एकच अडचण आहे असा त्यांचा चेहरा होता.

दगड व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. काळाभोर, घासून चकचकीत केलेला, खाली गोणपाट घातलेलं. पुण्याहून खास करवून आणलेला. वर आईचं नाव, सोनाबाई आवळे. खाली पवित्र शास्त्रातलं एक वचन, आणि चारही कोपऱ्यांत कोरलेली मोगऱ्याची फुलं. उद्या रविवार. उपासना झाली की दगड उभा राहणार, बिशपसाहेब येणार, आणि डॉक्टर शमुवेल आवळे आपलं ते प्रसिद्ध प्रवचन प्रत्यक्ष आईच्या उशाशी उभं राहून करणार, असं ठरलं होतं. पत्रिकासुद्धा वाटून झाल्या होत्या.

फक्त आईची उशी कुठं आहे, ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं.

"अण्णा, तुम्हाला माहीत आहे ना?"

"आहे की."

"मग सांगून टाका."

अण्णांनी चप्पल पायात घातली, पाऊल दाबून बघितलं आणि काठी हातात घेतली.

"चल. फेरी मारू."

बेळगावच्या कॅम्पातलं हे चर्च गोऱ्या पलटणींच्या काळातलं. भोवती दगडी कुंपण आणि कुंपणाच्या आत कबरस्तान. पण गावात कुणाला विचारलं तर कबरस्तान म्हणणार नाही, 'चर्चची बाग' म्हणेल. संध्याकाळी पेन्शनर मंडळी इथं पाय मोकळे करायला येतात. नवी लग्नं झालेली जोडपी येतात. भुतांची भीती कुणाला वाटत नाही, कारण इथली भुतं सगळ्यांच्या ओळखीची आहेत.

पुढच्या भागात साहेबांच्या कबरी. संगमरवरी देवदूत, तुटक्या पंखांचे. शेवाळलेले क्रूस. मागच्या भागात आपली माणसं. तिथं दगड औषधालासुद्धा सापडायचा नाही. तिथं झाडं आहेत.

रीतच तशी. माणूस मातीआड झालं की तिसऱ्या दिवशी घरच्यांनी त्याच्या दारचं काहीतरी आणायचं, रोप म्हणा, फांदी म्हणा, कंद म्हणा, आणि उशाशी लावायचं. रीत कुणी पाडली ते आता कुणी सांगू शकत नाही. गरिबीतून निघाली असेल. पण पुढं ज्यांच्या घरी मोटारी आल्या, तेही दारचं झाडच आणत राहिले.

एखाद्याला पुढंमागं दगड लावावासा वाटलाच, तर त्याला कुणी अडवत नाही. फक्त घरच्या माणसानं स्वतः त्या जागी उभं राहायचं आणि गेलेल्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. जमलेल्यांनी म्हणायचं, "होय, इथंच." पाळकानं बोट दाखवायचं नाही. मागं एकदा म्हणे कुणा पाळकानं घाईत बोट दाखवलं आणि सुनेचा दगड सासूच्या उशाशी जाऊन बसला. दोघींचं हयातीत क्षणभर पटलं नव्हतं. तेव्हापासून पाळकांची बोटं बंद.

अण्णा, म्हणजे रेव्हरंड शांतवन रणभिसे, या चर्चचे पाळक होते. निवृत्त झाले तरी आवारातल्या दोन खोल्यांत राहत होते. शमुवेल त्यांचा शिष्य. कसा, तर सोनाबाईंनी आणून दिला म्हणून. त्या दवाखान्यात आया होत्या, नवरा लवकर गेलेला. एक दिवस शेंबडं पोर हाताला धरून त्या अण्णांच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्याला मी देवाला दिला. आता तुम्ही बघा."

अण्णांनी बघितलं.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. पुस्तकं नव्हती, मग ते रोज शाळा सुटल्यावर पोराला साहेबांच्या कबरींतून फिरवत. शमुवेल इंग्रजी शिकला ते थडग्यांवर बोट फिरवून. पहिला शब्द 'सेक्रेड'. दुसरा 'मेमरी'. पुढं तो बोर्डिंगात गेला, कॉलेजात गेला, समुद्रापार गेला, आणि आता पुण्यात होतकरू पाळकांना शिकवत होता. आईवरचं त्याचं प्रवचन तर घरोघरी पोचलं होतं. आईच्या दारात मोगरा होता, ती पहाटे फुलं वेचायची, ओंजळ पोराच्या उशाशी ठेवायची... इथपर्यंत आलं की बायका पदर डोळ्यांना लावत. पुरुष चष्मे पुसत.

आई गेली तेव्हा तो परदेशात होता. परीक्षा तोंडावर होती. नंतर येऊ येऊ म्हणता राहिलं. असं पुष्कळांचं राहतं, त्यात त्याला वेगळी शिक्षा करावी असं काही नाही.

पण राहिलं, हे खरं.

दोघे निघाले. उन्हं कलली होती. चिंचेच्या शेंड्यांवर पोपटांचा गलका चालला होता.

साहेबांच्या भागात शिरताच शमुवेल उजळला. काठीवाल्या अण्णांच्या पुढं चालायला लागला.

"लेफ्टनंट टॉमस बेलिंगर," त्यानं दगडाकडं न बघता म्हटलं. "पटकीनं गेला. वय तेवीस. लिव्हरपूलला आई वाट बघत होती."

"हं," अण्णा म्हणाले.

"ही मिसेस कॉलिन्स. बाळंतपणात. इथं तुम्ही मला 'बिलव्हेड' शिकवलंत. मी 'बिलवेड' म्हणालो म्हणून टपली मारलीत."

"हं."

"आणि ही एमिली!"

एमिलीच्या छोट्या कबरीवर दगडी कोकरू होतं. पाठ घासून गुळगुळीत झालेली. ती शमुवेलनंच घासली होती, लहानपणी त्यावर बसून बसून. आता तो गुडघ्यावर बसला आणि कोकराच्या कानावरून हात फिरवला. त्याला फार बरं वाटलं. सगळं जागच्या जागी होतं. कोकरू होतं, पोपट होते, अण्णांची काठी टक्टक् वाजत होती. आपण परत लहान व्हावं आणि आतून कुणीतरी हाक मारावी, असं त्याला वाटून गेलं.

"एकही विसरलो नाही, अण्णा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा ताठा होता, पण प्रेमही होतं.

"नाहीस खरा."

"मग आईची जागा ओळखता येणार नाही का?"

अण्णा काठी टेकत पुढं निघाले.

साहेबांचा भाग संपतो तिथं कुंपणाला लागून नळ आहे. नळ कायमचा गळका, त्यामुळं खाली चिखल. शमुवेलचा नवा बूट त्यात पचकन गेला.

"छे!"

नळाच्या पलीकडं लांब पात्यांच्या गवताचं एक मोठं बेट होतं, कंबरेला येईल एवढं. शमुवेलनं एक पाय उचलला आणि बूट त्या गवतावर पुसला. मग दुसरा. पाती सळसळली, वाकली, चिखलानं माखली.

अण्णा थांबले. काठी टेकून उभे राहिले.

"काय झालं?" शमुवेलनं विचारलं.

"काही नाही."

शमुवेल दोन पावलं पुढं गेला आणि वळला. "अण्णा, फेरी झाल्यावर चहा मिळेल का हो? एकाएकी तल्लफ आली."

अण्णांनी त्याच्याकडं जरा वेळ टक लावून बघितलं.

"मिळेल की," ते म्हणाले. "फेरी पुरी होऊ दे."

मागचा भाग म्हणजे एखाद्या हौशी बाईचं परसू. कशाला कशाचा मेळ नाही. अबोलीच्या शेजारी शेवगा, कर्दळीत घुसलेली मिरची, आणि मध्येच एखादी पपई. पण गावातल्या माणसाला विचारा. तो झाडाकडं बघून सांगेल कोण निजलंय ते. पोरं दानीएलमामांचे पेरू खातात. आमटीला फोडणी द्यायची झाली की आसपासच्या बायका रूथबाईंचा कढीपत्ता ओरबाडून नेतात, आणि जाताना "नेतो हं, रूथबाई," असं सांगून जातात. रूथबाई हयातीत कुणाला काडी देत नव्हत्या. आता देतात.

"ह्या पेरूवरून मी पडलो होतो," शमुवेल म्हणाला.

"होय. दानीएलनं काही झेललं नाही तुला."

शमुवेल मोठ्यानं हसला. मग त्याची नजर समोर गेली आणि हसू थांबलं.

कोपऱ्यात मोगरा होता. चांगला पसरलेला, भोवती विटांचं आळं, पानं तजेलदार. नोव्हेंबर असल्यानं फुलं नव्हती, पण मोगरा होता.

"हीच," शमुवेल पुटपुटला. "अण्णा, हीच."

तो आळ्याजवळ गेला, बूट जुळवले, पाठ सरळ केली. प्रवचनाला उभा राहतो तसा उभा राहिला.

"माझी आई," तो खणखणीत आवाजात म्हणाला, "सोनाबाई आवळे."

"होय, इथंच," असं म्हणायची पाळी अण्णांची होती. ते काठीच्या मुठीकडं बघत राहिले...

"ओ सायेब!"

मागून एक म्हातारी आली. हातात पाण्याचा डबा, पदर खोचलेला. ही मार्थाक्का. चर्चच्या मंडळीतलीच, कुंपणापलीकडं राहणारी.

"आमच्या आत्याच्या उशाशी कोण हुभारलंय म्हनायचं?"

शमुवेल गोंधळला. "कुणाची आत्या?"

"माझी. इलीशाबाई. मोगरा तिचा हाय की. मी रोज पानी घालतो न्हवं." मार्थाक्कानं डोळे बारीक केले. "अगं बाई, सोनाबाईचा शमू काय तू? केवढा झालास रं! तुझं ते मोगऱ्याचं फोनवर ऐकलो आमी. लई रडलो."

"हो..."

"खरं मला एक कळंना झालं. तुमच्या दारात मोगरा कवा हुता?"

शमुवेल आळ्यापासून एक पाऊल मागं सरला.

"तो व्हरांड्यातला धोंडा तूच आणलास व्हय? ब्येस कोरलाय मोगरा. आमच्या आत्याला शोभला असता बघ."

ती भोळेपणानं बोलली. पण शमुवेलच्या कानशिलांना आग लागली. "मग माझ्या आईच्या उशाशी काय आहे?" त्यानं जरा चढ्या आवाजात विचारलं. "तुम्हाला ठाऊक असेल. सांगा."

"ठाव हाय की. न ठाव असायला काय झालं? तू न्हाईस म्हनून अन्नांनीच आनलं की आपल्या हातानं, पोतं भिजवून त्यात गुंडाळून..." ती एकदम थांबली. तिनं अण्णांकडं बघितलं. अण्णा पोपटांकडं बघत होते.

"न्हाई बा," मार्थाक्का म्हणाली. "ते घरच्यानं वळखायचं असतंय. मी कोन सांगनार?"

आणि तिनं डबा मोगऱ्याच्या आळ्यात रिता केला.

शमुवेल परतला तो तडक. अण्णांसाठी थांबला नाही. एमिलीच्या कबरीजवळ आला आणि लहानपणी बसायचा तसा त्या कोकरावर मटकन बसला. आता ते त्याला फार ठेंगणं होत होतं. गुडघे हनुवटीला लागत होते.

अण्णा सावकाश आले. शेजारच्या लेफ्टनंटच्या चौथऱ्यावर टेकले.

"ही रीत मोडली पाहिजे," शमुवेल म्हणाला.

"मोडू की."

"उद्या एवढी माणसं येणार. बिशपसाहेब येणार."

"येऊ देत."

"तुम्ही नुसतं मानेनं दाखवलंत तरी पुरे होतं, अण्णा! मी कुणाला सांगणार नव्हतो."

"आईला काय सांगणार होतास?"

पोपट आता निजायला लागले होते. नळ ठिबकत होता. गावाकडून कुठूनतरी शेंगदाणे भाजल्याचा वास येत होता.



"मोगरा नव्हता," शमुवेल म्हणाला.

अण्णांनी मान हलवली.

"मग प्रवचनात कुठून आला?"

"शोभतो म्हणून." त्याचा आवाज खाली गेला होता. "पहिल्यांदा बोललो तेव्हा सहज बोलून गेलो. लोक रडले. मग दर वेळी बोललो. पुढं मलाच तो दिसायला लागला. ओंजळ, पहाट, सगळं... आणि काय होतं ते गेलं. अण्णा, तिचं दारच आठवत नाही मला. तुमच्या ह्या गोऱ्यांची आख्खी पलटण मला पाठ आहे, आणि..."

त्याला लाज वाटत होती आणि लाजेहून जास्त भीती वाटत होती. दगड परत गेला, बिशपसाहेबांना काहीतरी सांगितलं, तर तेही निभेल. पण ज्या आईवर आपण गावोगाव बोलत हिंडलो ती आपल्याजवळ नाहीच, हे कळलं तर माणसानं जायचं कुठं?

"जा म्हणा जीपवाल्याला," तो म्हणाला. "दगड घेऊन जाऊ दे."

अण्णांनी चप्पल काढली, अंगठा परत चाचपला.

"शाळेतून यायचास," त्यांनी विचारलं, "तेव्हा आधी काय करायचास?"

"कधी?"

"इथं माझ्याकडं यायच्या आधी. घरी जायचास ना?"

"जायचो." शमुवेलनं खांदे उडवले. "काय करणार? दप्तर टाकायचो."

"मग?"

"मग हाक मारायचो. ती रात्रपाळी करून आलेली असायची. दुपारी निजायची. माझ्या हाकेनं उठायची."

"आणि?"

"काही नाही. स्टोव्ह पेटवायची. पंप मारायची. मी तिच्या पाठीवर लोंबकळायचो, मग वैतागायची. म्हणायची..."

शमुवेल थांबला.

"काय म्हणायची?"

"म्हणायची, लोंबू नकोस, त्यापेक्षा जा..."

त्याचा उजवा हात गुडघ्यावरून उचलला गेला होता. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होती, काहीतरी लांबट चुरगळावं तशी. हात काय करतोय ते त्याला स्वतःलाही कळत नव्हतं. मग त्यानं हाताकडं बघितलं.

"दोन पाती आण," तो हळूच म्हणाला. "म्हणायची, जा, दोन पाती आण दारातली. चहात टाकते."

अण्णा हलले नाहीत.

"गवती चहा. न्हाणीच्या पाण्यावर वाढायचा. केवढा माजलेला! मी खसकन ओढायचो आणि बोट कापायचं. दर वेळी. ती माझं बोट तोंडात धरायची आणि ओरडायची, 'सुलटा हात फिरव, शमू. उलटा गेलास की कापतं...'"

तो उठून उभा राहिला होता. नळाच्या दिशेनं बघत होता.

"अण्णा," तो म्हणाला. "मी बूट पुसले."

अण्णांनी चप्पल घातली.

तो धावला नाही. धावता येईना. लेफ्टनंटच्या, मिसेस कॉलिन्सच्या बाजूनं तो एकेक पाऊल टाकत नळापाशी गेला. चिखलात पाय गेला ते त्याला कळलंही नाही. गवती चहाचं ते मोठं बेट सांजवाऱ्यात हलत होतं. एका अंगाची पाती मघाचीच वाकलेली, चिखलात लोळलेली.

शमुवेल खाली बसला. त्यानं रुमाल काढला, नळाखाली भिजवला आणि पाती पुसायला लागला. एक एक. बुंध्याकडून टोकाकडं. पुसेल तसा तो वास वर यायला लागला, ताजा, थोडा लिंबासारखा, स्टोव्हवरच्या आधणाचा. मघाशी बुटाखाली हाच वास आला होता आणि त्याला नुसती चहाची तल्लफ आली होती.

तो रडत होता. प्रवचनात त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं तसं नव्हे. नाक वाहत होतं, चेहरा वेडावाकडा झाला होता, आणि बघणाऱ्याला ते काही फारसं चांगलं दिसलं नसतं.

सगळी पाती पुसून झाल्यावर तो उभा राहिला. पाठ सरळ करायचं त्याला सुचलं नाही.

"माझी आई," तो म्हणाला. आवाज फुटत नव्हता. "सोनाबाई."

"होय," अण्णा म्हणाले. "इथंच."

कुंपणाजवळून, रिता डबा हातात घेऊन घरी निघालेल्या मार्थाक्काचाही आवाज आला. "व्हय, हितंच बाबा."



"अण्णा, तुम्ही आणलंत हे. तिच्या दारातनं."

"तू नव्हतास. कुणीतरी आणायचं."

"रोज पाणी कोण घालतं?"

"नळ गळतो," अण्णा म्हणाले. "दुरुस्त करतो म्हणून माणसं येतात. मीच नको म्हणतो."

अंधार अजून पडला नव्हता, पण दगडांवरची अक्षरं दिसेनाशी झाली होती. अण्णांच्या खोलीत दिवा लागला नव्हता. शमुवेलनं नाक पुसलं. त्याला व्हरांड्यातला तो काळा दगड आठवला, चार कोपऱ्यांतली ती सुबक फुलं आठवली. तो उभा करायचा तर उशाशीच करायला हवा. उशाशी खणायचं तर हे बेट उपटायला हवं.

"थंडी पडायला लागली," अण्णा म्हणाले. "तुला चहा हवा होता ना? दोन पाती घे."

शमुवेल वाकला. डोळे अजून भरलेले होते, नीट दिसत नव्हतं. त्यानं बेटात हात घातला आणि लहानपणी ओढायचा तसं खसकन ओढलं.

"स्स्..."

पाती हातात आली, पण बोट कापलं. तर्जनीच्या पेरावर रक्ताची बारीक रेघ उमटली. त्यानं काही विचार न करता बोट तोंडात धरलं आणि तसाच उभा राहिला. दाढीत पांढरे केस आलेला माणूस, बोट चोखत.

मग बोट काढून त्यानं विचारलं, "अण्णा, दगडाचं काय करू?"

अण्णांनी जवळ येऊन त्याचा हात आपल्या हातात घेतला, उजेडाकडं वळवला, निरखून बघितला.

"कापलं?"

"कापलं."

"मग तिनंही ओळखलं," अण्णा म्हणाले.